उजवीकडचे अकरा आटे

"अव्वा, उद्या मुखेडला जायचंय का न्हाई?" वर्षाराणीनं पाना खाली ठेवत विचारलं.

"जायचंय की. पण हे सोड म्हणते मी. भाड्याची गाडी सांगू."

"भाड्याच्या गाडीत अप्पा बसतील का?"

शरणम्मांनी नवऱ्याकडे बघितलं. शिवमूर्ती कोरे शेडच्या पत्र्याखाली पाटावर बसले होते, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. दाबून ठेवला की तो जरा कमी थरथरे.  अहमदपूरला बावीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसानं पुतणीच्या साखरपुड्याला भाड्याच्या गाडीतनं उतरायचं, आणि तेही धाकट्या भावाच्या दारात, हे त्यांना सोसणारं नव्हतं. चाकूरच्या मिस्त्रीनं गाडीचं काम लग्नसराईमुळं आठ दिवस जमणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ते घरच्या शेडमध्येच होणार म्हणून त्यांना आतून बरंच वाटलं होतं.

गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं. खड्डा आला की पुढून असा दणका बसे, की शरणम्मा कंबर धरून ओरडत. दिवाळीनंतर त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. एस.टी.च्या पायऱ्या चढणं त्यांना आता जमणारं नव्हतं, आणि असल्या दणक्यांत चाकूरहून अहमदपुरावरून मुखेडपर्यंत बसणंही नाही. म्हणून लातूरला गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम बघणारी त्यांची लेक दोन दिवसांची सुट्टी टाकून आली होती. नांदेडहून नवे शॉकअप आणले होते, आणि शोरूममधनं स्प्रिंग आवळायचं हत्यार मागून आणलं होतं.

शरणम्मांना भीती होती ती त्याच हत्याराची.

गाडीचं पुढचं वजन ज्या स्प्रिंगवर उभं असतं, ती शॉकअपवर दाबून बसवलेली असते. मोकळी करायची तर आधी तिच्या दोन्ही बाजूंना हुकांच्या दोन दांड्या लावायच्या, आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा नट थोडा थोडा आवळत तिला आखूड करायचं. मग माथ्याचा नट उघडायचा. मधे काही चुकलं तर त्या स्प्रिंगपुढं माणसाचं काही चालत नाही. कोरेंच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. महांतेशचा, म्हणजे शिवमूर्तींच्या धाकट्या भावाचा, डावा डोळा काचेचा होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अहमदपूरच्या गॅरेजात, एका डॉक्टरांच्या पांढऱ्या मारुतीचं काम करताना हूक उघडला आणि स्प्रिंगवरची लोखंडी वाटी उडून त्याच्या तोंडावर बसली. वीस वर्षांचा होता तेव्हा. त्यानं घाई केली, मोठा भाऊ येईपर्यंत थांबला नाही, असं घरात सांगत. पहिल्यांदा तसं सांगितलं होतं ते शिवमूर्तींनीच.

"आत जा," ते बायकोला म्हणाले. "पोरगी हुशार हाय. मी बसलोय की इथं."

"तुमी बसलाव म्हणूनच जात न्हाई," शरणम्मा म्हणाल्या आणि उंबऱ्यात खुर्ची ओढून बसल्या.

गाडीची पहिली बाजू सकाळी अकराच्या आत झाली. वर्षाराणीनं चाक काढलं, ब्रेकचा पाइप बाजूला घेतला, खालचे दोन बोल्ट ठोकून सोडवले, बॉनेटखालचे तीन नट काढले आणि अख्खा शॉकअप बाळंतिणीच्या खोलीतनं मूल आणावं तसा दोन्ही हातांत धरून बाहेर आणला. शिवमूर्ती तिच्या प्रत्येक हालचालीआधी तोंड उघडत, आणि बोलायच्या आत ती ते करून मोकळी होई. मधला, माथ्याचा नट गाडीवर असताना सोडवायचा नाही, हे सांगायला ते पुढं झुकले, तर ती म्हणाली, "माहीत हाय अप्पा. तुमीच शिकवलंय."

हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट ते पाटावर मागं सरकून बसले.

दुसऱ्या बाजूची स्प्रिंग आवळून झाली, जुना शॉकअप निघाला, नवा आत गेला. पण माथ्याची वाटी बसवून नट लावायचा तर शॉकअपच्या दांडीचे आटे पुरेसे वर येईनात. स्प्रिंग अजून बोटभर आखूड करायला हवी होती.

"दोन्हीकडं सहा-सहा आटे द्यावे लागतील," वर्षाराणी म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. शोरूमचा होता. शेडखाली आवाज तुटत होता. "आले दोन मिनिटांत. अप्पा, हात लावू नका हां," असं म्हणत ती जिना चढून गच्चीवर गेली. शरणम्मा कुकरची शिट्टी झाली म्हणून काठी टेकत आत गेल्या.

शिवमूर्ती एकटे उरले.

समोर पोत्यावर शॉकअप आडवा पडला होता. सहा-सहा आटे, म्हणजे नटाचे सहा-सहा फेरे, एवढंच काम. पूर्वी ते बिडी ओढता ओढता हे करत. ते पाटावरून खाली सरकले. पान्याच्या टोकाची गोटी उजव्या नटावर बसवायला त्यांना पाच-सहा वेळा प्रयत्न करावा लागला. हात थरथरला की गोटी नटाच्या कडेवर खट् खट् वाजे. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी ती बसवली. बसली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली.

एक आटा. दोन. तीन. आता पाना काढून डावीकडे न्यायला हवा होता. पण काढला तर पुन्हा बसेल का? अजून एक देऊ, मग नेऊ. अजून एक. माथ्याच्या भोकातनं दांडी वर येताना दिसू लागली. मनातल्या मनात ते आटे मोजत होते, आणि सहाच्या पुढं गेल्याचं त्यांना कळतही होतं. अकराव्या आट्याला स्प्रिंग एका बाजूला धनुष्यासारखी वाकली, डावा हूक तारेवरून घसरला आणि 'टक्क' असा बारीक आवाज आला.

त्यांचा हात पान्यावरच थिजला.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

दोन्ही हूक आता जवळजवळ एकाच बाजूला आले होते. दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग फुगून बाहेर आली होती, आणि डावा हूक तारेच्या अगदी कडेवर, नखाएवढ्या आधारावर उभा होता. शिवमूर्तींनी पाना सोडला. श्वास घेतला तरी ती सुटेल असं त्यांना वाटत होतं.

फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"वहिनी!" महांतेशनं नेहमीसारखी आधी वहिनीला हाक मारली. मुखेडला त्याचं खता-बियाण्याचं दुकान होतं. मोठ्या भावाकडं तो लग्नाला आणि मयतीलाच येई. आज हातात कुंकवाचा पुडा आणि केळीच्या फण्या घेऊन आला होता. फोनवरचं बोलावणं पुरेसं नाही असं, साखरपुडा जिचा होता त्या दीपमालानंच बापाला बजावलं असणार. शेडपासून दहा पावलांवर तो थांबला. काळ्या चष्म्यातनं त्यानं शॉकअपकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अण्णा," तो हळूच म्हणाला. "उठा तिथनं. तिच्या समोरनं येऊ नका. मागं सरका, तसंच बसून."

शिवमूर्ती बसल्या बसल्या मागं सरकले. तळहात फरशीवर खरचटले.

वर्षाराणी जिना उतरत होती. "काका! कधी आलाव?" तिनं विचारलं आणि काकाची नजर कुठं आहे ते बघून ती शेवटच्या पायरीवर थबकली. दोन पावलं पुढं येऊन, वाकून, बाजूनं तिनं बघून घेतलं.

"अप्पा, हात लावला का तुमी?"

"न्हाई," शिवमूर्ती म्हणाले.

शब्द तोंडातनं गेला. ठरवून बोलले नव्हते ते. विचारल्याबरोबर तो आपोआप आला, जसा पूर्वीही एकदा आला होता.

"मग माझंच चुकलं," ती स्वतःशीच पुटपुटली. "हूक नीट बसला नसेल. दोन्ही सारखेच आवळले व्हते मी..." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. आवाज जाग्यावर ठेवायचा प्रयत्न करत होती, पण ओठ कोरडे पडले होते. "काका, फाटक लावा. अव्वा, बाहेर येऊ नको!"

शरणम्मा केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. "सोड ते! राहू दे तसंच! न्हाई जायचं मला मुखेडला!"

"तसं ठेवता येत न्हाई अव्वा. उघड्यावर पडलंय. कोंबडं जरी अंगावरनं गेलं तरी उडंल."

तिनं पटापट हालचाली केल्या. पोती आणली. बैलाचा जुना सोल, जाड दोर, आणून लांब काठीनं स्प्रिंगच्या वेढ्यांतनं ओवला आणि दोन गाठी मारल्या, म्हणजे सुटली तरी लांब जाणार नाही. भिंतीकडच्या बाजूला जुने टायर रचले. महांतेश फाटक लावून तिथंच उभा होता. त्याचा हात फाटकाच्या कडीवर होता. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस गाड्यांच्या गॅरेजच्या रस्त्यानंसुद्धा गेला नाही, असं नीलाबाई, त्याची बायको, चारचौघांत हसून सांगे.

वर्षाराणीनं पान्याला लांब दांडी जोडली. "दोन्हीकडचा जोर सारखा हाय," ती मोठ्यानं म्हणत होती, स्वतःला ऐकू यावं म्हणून. "डावा हूक घसरलाय. म्हणजे डावा आधी ढिला करायचा, अर्धा आटा. मग उजवा."

ती बाजूनं गुडघ्यावर बसली. पाना डाव्या नटाकडं नेऊ लागली.

शिवमूर्तींना डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. जोर सारखा नव्हता. उजवीकडं अकरा आटे जास्त होते. डावा ढिला केला, की तो नखाएवढा आधारही जाईल आणि सगळी स्प्रिंग उजव्याभोवती फिरून तिच्या अंगावर येईल. सोल किती धरील? तिचं तोंड स्प्रिंगपासून हातभर होतं. नाकावर घामाचा थेंब होता. लहानपणी अहमदपूरच्या गॅरेजात, त्यांच्या शेजारी, अशीच जीभ दातांत धरून बसायची.

गोटी नटाला लागली.

"थांब!"

ती थांबली.

"डाव्याला हात लावू नको. उजवा मी आवळलाय. एकटाच. अकरा आटे."

 वर्षाराणीनं पाना अलगद मागं घेतला. बापाकडं बघितलं.

"मगाशी न्हाई म्हणलाव."

"खोटं बोललो."

 ती मागं सरकली आणि उभी राहिली. शरणम्मांच्या तोंडातनं "शिवा, शिवा" एवढंच निघालं.

"अकरा. नक्की?" वर्षाराणीनं विचारलं.

"नक्की. मोजलेत मी."

"आवाज आला का?" हे महांतेशनं विचारलं. तो फाटक सोडून कधी पुढं आला ते कुणाला कळलं नव्हतं. "टक्क असा?"

"आला."

महांतेशनं मान हलवली. मग वर्षाराणीला म्हणाला, "तू तिथं बसली व्हतीस ती जागा बरोबर न्हाई. अजून मागं. खांद्यानं तिच्याकडं हो, तोंडानं नको." शेडच्या कोपऱ्यात जाड सागवानी फळी उभी होती. त्यानं ती उचलली, येऊन पुतणीच्या आणि स्प्रिंगच्या मधे उभी धरली, आणि स्वतः फळीमागं बसला. त्याच्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. चष्म्याखालनं घाम ओघळत होता. "दे आता. उजवा. एक-एक."

वर्षाराणीनं फळीच्या कडेनं हात घालून पाना बसवला. "अप्पा, मोजा," ती म्हणाली. त्यांच्याकडं न बघता.

शिवमूर्ती मोजू लागले. "एक."

स्प्रिंग किरकिरली.

"दोन... तीन..."

चौथ्याला काही झालं नाही. पाचव्याला फुगवटा थोडा आत गेल्यासारखा वाटला. पण खरंच गेला, की आपल्याला तसं बघायचं म्हणून दिसला, हे त्यांना सांगता आलं नसतं. शरणम्मा दारातून हलल्या नाहीत. सातव्याला 'टक्क' झालं. वर्षाराणी झटक्यानं मागं पडली, महांतेशनं फळी छातीशी आवळली, आणि सगळे जण जे होणार होतं त्याची वाट बघत राहिले.

काही झालं नाही. हूक तारेवरून सरकून परत पुष्कळसा जाग्यावर आला होता.

"सात," शिवमूर्ती म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"घ्या पुढं," महांतेश म्हणाला.

आठ, नऊ, दहा, अकरा. स्प्रिंग सरळ झाली. मग वर्षाराणीनं दोन्ही नट आळीपाळीनं, पार मोकळे होईपर्यंत सोडवले. शेवटी हूक खाली पडले आणि स्प्रिंग पोत्यावर निवांत लवंडली, कुठल्याही भंगारवाल्याच्या दुकानात पडलेली असते तशी. वर्षाराणी उठली, शेडमागं गेली. ओकारीचा आवाज आला. शरणम्मा पाण्याचा तांब्या घेऊन काठीशिवायच तिच्याकडं गेल्या.

महांतेशनं फळी भिंतीला टेकवली. पायरीवर बसून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मला आवाज आला न्हवता. मी लई येळा आठवून बघितलंय. झोपेत बी. मी हूक लावले, दोन्हीकडं सारखे आटे दिले, तुमी शिकवलं तसे. घाई केली न्हवती, अण्णा. आवाज यायला पाहिजे व्हता ना आधी? मग मी सरकलो असतो. का आला न्हाई?"

शिवमूर्तींनी उजवा हात डाव्याखाली घेतला. तो राहीना. मग त्यांनी तो तसाच मांडीवर सोडला, थरथरत.

"आदल्या दिवशी आला व्हता," ते म्हणाले. "मला."

महांतेशनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"ते हत्यार मीच घरी वेल्डिंग करून केलं व्हतं, तुला म्हायती हाय. आदल्या सांजच्याला काम करताना टक्क झालं. बघितलं तर एका हुकाच्या जोडाला चीर. केसाएवढी. उद्या परत वेल्डिंग मारू म्हणलं आन खुंटीला लावून दिलं. सकाळी मी जरा उशिरा निघालो. तू आधी गेलास, ते खुंटीवरनं काढून घेतलंस." ते थांबले. "दवाखान्यात बाबांनी विचारलं, कसं झालं. मी म्हणलो, ह्यानं घाई केली. मी येईपर्यंत हात लावू नको म्हणलं व्हतं."

"तसं तुमी म्हणलंच न्हवतं."

"न्हाई. म्हणलो न्हवतो."

लिंगपूजेला ते रोज पहाटे बसत. अठ्ठावीस वर्षांत हे त्यांच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. आणि आता ते इतक्या थोड्या शब्दांत मावलं, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"बाबांनी गॅरेज तुमच्या नावावर केलं," महांतेश म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला म्हणाले, तू धांदरट हाईस, तुझ्या हातात लोखंड द्यायचं न्हाई. मी बी मान खाली घालून मुखेडला गेलो. मला वाटलं, खरंच असंल. डोळा गेल्यावर आधीचं नीट आठवत न्हाई माणसाला."

शरणम्मा शेडच्या खांबाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ते हत्यार ह्यांनी आठ दिवसांनी हिरीत टाकलं," त्या म्हणाल्या. "मी बघितलं व्हतं. का टाकलं म्हणून मी कधी विचारलं न्हाई, भावजी. विचारायला पाहिजे व्हतं. भ्याले मी." आणि त्या नवऱ्याच्या शेजारी न बसता, काठी टेकत जाऊन दिराच्या पायरीवर बसल्या.

शिवमूर्तींनी ते पाहिलं.

"महांतेश, मला माफ..."

"ते नको," महांतेश उठला. फाटक लावताना त्यानं केळी खाली ठेवून कुंकवाचा पुडा खिशात टाकला होता. तो काढून त्यानं वहिनीच्या हातात दिला, रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. "जेवायला थांबत न्हाई वहिनी, मंडपवाला येणार हाय. उद्या दहाच्या आत या." मग तो भावाकडं वळला. "माफी माझ्यापाशी मागू नका अण्णा. नीला मला लग्नापासून म्हणत आली, तुमच्या घाईनं तुमचा डोळा घालवला. दीपमाला शाळेत असताना एकदा सायकलवरनं पडली, तर म्हणाली, मी पप्पांवर गेले, धांदरट. मी हसलो तेव्हा. उद्या पाव्हणे यायच्या आत त्या दोघींना सांगा. मला जसं सांगितलं तसंच. न्हाई जमलं तर उद्या येऊ नका."

मोटारसायकल रस्त्याला लागली.

वर्षाराणी तोंड धुऊन आली. केस ओले होते. ती पुन्हा पोत्यासमोर बसली आणि हूक नव्यानं लावू लागली. काम तर अर्ध्यावरच होतं.

"वर्षा," शिवमूर्ती म्हणाले. "राहू दे आज."

"राहू देऊन कसं चालंल?" तिनं एक आटा दिला. पाना काढला, दुसऱ्या बाजूला लावला, एक आटा दिला. "अप्पा, माझं काही झालं असतं, तर तुमी काय सांगितलं असतं लोकांना?"

त्यांनी मोकळा पडलेला सोल गोळा करायला घेतला.

"माझ्यावर ढकललं असतं?"

"ढकललंच व्हतं की," ते म्हणाले. "मगाशीच."

तिनं मान वर केली नाही. पण तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. साडेतीनपर्यंत दोन्ही शॉकअप गाडीत बसले, चाकं चढली. चाकूरच्या चौकापर्यंत ती एकटीच गाडी फिरवून आली. बापाला चल म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते निघाले. वर्षाराणी गाडी चालवत होती, शरणम्मा पुढं, शिवमूर्ती मागं एकटे. अहमदपूर ओलांडून मुखेडच्या रस्त्याला लागले तरी दणका म्हणून बसला नाही. एका मोठ्या खड्ड्यातनं गाडी नुसती झुलून वर आली. "लई चांगलं झालं गं," शरणम्मा लेकीला म्हणाल्या. मागे शिवमूर्ती वाक्यं जुळवत होते. नीलाबाईला आधी सांगायचं, का दोघींना एकदम? आज पोरीचा दिवस, आज कशाला, असं एकदा मनात आलं. गाडी बंद पडावी असंही आलं. गाडी बंद पडली नाही.

महांतेशचं घर दुकानावरच्या माडीत होतं. दारात मंडप, आत बायकांची गडबड. महांतेशनं त्यांना जिन्यात बघितलं आणि आतल्या खोलीचं दार दाखवलं. तिथं दीपमाला आरशापुढं बसली होती आणि नीलाबाई तिच्या अंबाड्याला गजरा माळत होत्या.

"या भावजी," नीलाबाई म्हणाल्या. "बसा. चहा सांगते."

"चहा नको. थोडं बोलायचंय. दोघींशी."

ते लोखंडी खुर्चीवर बसले. हात लपवला नाही. बोलले. मधे दोनदा थांबले, एकदा चुकून आपल्याच बाजूनं बोलू लागले आणि तिथंच थांबून परत नीट सांगितलं. दीपमालाचे डोळे आरशातनं त्यांच्यावर खिळले होते. नीलाबाईंच्या हातात गजरा तसाच राहिला. बाहेर कुणी तरी "अक्षता कुठं ठेवल्या?" म्हणून ओरडत होतं.

त्यांचं सांगून संपलं.

नीलाबाई उठल्या. दाराकडं गेल्या. त्या बाहेर जाणार, सगळ्यांदेखत काही बोलणार, असं शिवमूर्तींना वाटलं आणि त्यांनी त्याचीही तयारी केली. नीलाबाईंनी दाराला कडी घातली. परत येऊन त्यांच्यासमोर, जमिनीवर बसल्या. गजरा मांडीवर ठेवला.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. सावकाश."